परदेशी ट्रायल, पुण्यातलं काम

'मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संसर्गजन्य आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय क्लिनिकल ट्रायलमध्ये काम करायचं म्हणते. परदेशी पाठवायची आमची ऐपत नाही. शिवाय माणसांवर औषधं करून बघायची, याला मन धजत नाही.' – एक आई, परभणी

ताई, नमस्कार.

परदेशाची चिंता आधी सोडा, अशा ट्रायलचं काम पुण्यातही होतं. 'एचपीटीएन 052' ही एचआयव्हीवरची ट्रायल 9 देशांत झाली. 1763 जोडपी होती, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका 96 टक्क्यांनी घटतो, हे 2011 मध्ये कळलं. त्यातली काही जोडपी पुण्याची होती. भोसरीच्या 'नारी' या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत त्यांची नोंद झाली. निदान होताच उपचार, हे धोरण आपल्याकडे 2017 मध्ये आलं, त्यामागे या निकालाचा मोठा आधार आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठही पुण्यात टीबी-एचआयव्हीवर वर्षानुवर्षं एकत्र काम करत आहेत.

तुमची दुसरी भीती मला जास्त महत्त्वाची वाटते. पूर्वी काही ठिकाणी रुग्णांना नीट न सांगता सह्या घेतल्या गेल्या, म्हणूनच नियम कडक झाले. 2009 पासून ट्रायलची सरकारी नोंदणी सक्तीची आहे, 2019 चे नवे नियम आहेत, आणि एथिक्स कमिटीच्या, म्हणजे रुग्णांची सुरक्षितता आणि हक्क पाहणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय एकही रुग्ण घेता येत नाही.

पण कागदावरचा नियम पाळायचा तो रुग्णासमोर बसलेल्या माणसानं. संमतिपत्र मराठीत असतं. समोरची बाई अंगठा लावणार असेल, तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून ते वाचून दाखवायचं. 'नाही म्हटलं तर इथली औषधं बंद होतील का?' असं तिनं विचारलं, तर 'नाही, आणि मधूनही सोडता येईल' हे तिला पटेपर्यंत सांगायचं. परभणीची बोली येणारी मुलगी इथे मोलाची ठरते. नोंद चुकली तर व्हाइटनर चालत नाही. एक आडवी रेघ, सही, तारीख. ही शिस्त तिच्या अंगात आहे का, ते तुम्हीच पाहा.

लाखभर रुपयांच्या खासगी 'क्लिनिकल रिसर्च' डिप्लोमात पैसे घालू नका. 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चं, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याच्या नियमांचं, प्रशिक्षण ऑनलाइन मोफत मिळतं. लॅबची आवड असेल तर एम.एस्सी., रुग्णांमध्ये रमत असेल तर एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करू द्या. नोकऱ्या बहुधा प्रोजेक्टवर असतात, निधी संपला की करारही संपतो. तेव्हा मुलाखतीत निधी किती वर्षांचा आहे, हे तिनं न लाजता विचारावं.

त्याआधी एक करा. जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, ओपीडी उरकल्यावर तिला समुपदेशकांना भेटू द्या. दिवसभर काय काय बोलावं लागतं, ते त्यांच्याकडून ऐकून आली की मला तिनं स्वतः लिहावं.