१६ भाग की ३२? आधी मिनिटं बघा

'व्हाइल यू वेअर स्लीपिंग' ही कोरियन मालिका एका ठिकाणी १६ भागांची दिसते, दुसरीकडे ३२ भागांची, मग अर्धवट कुठली, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही पूर्ण असू शकतात. एक भाग ३५ मिनिटांच्या आसपास असेल तर ३२ हवेत. तासाभराहून मोठा असेल तर १६ पुरे.

मूळ जाहिरातींत आहे. कोरियात केबीएस, एमबीसी, एसबीएस या वाहिन्यांना कार्यक्रम मध्येच थांबवून जाहिरात दाखवायला बंदी होती, टीव्हीएन, जेटीबीसीसारख्या केबलवाल्यांना मुभा. मग २०१७ च्या सुमारास बंदी असलेल्या या तीन वाहिन्यांनी एकाच रात्रीचा भाग मधोमध कापला आणि त्याला दोन क्रमांक दिले. दोन भागांच्या मध्ये जाहिरात लावायला कोण अडवणार? जुलै २०२१ मध्ये बंदी उठली. त्यामुळे हा घोळ मुख्यतः त्या चार वर्षांतल्या मालिकांचा. काही प्लॅटफॉर्म दोन तुकडे पुन्हा जोडून दाखवतात, म्हणून आकडे जुळत नाहीत.

मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो एका अ‍ॅपच्या मदतकक्षाने (नाव नको). अशाच एका मालिकेचे पस्तीस-पस्तीस मिनिटांचे १६ भाग, वर 'संपूर्ण मालिका' असा शिक्का. सोळाव्याच्या शेवटी नायिका दार उघडते, समोर कोण ते दिसायच्या आत श्रेयनामावली सुरू. अर्धीच चढवलीय, असं मिनिटांच्या हिशेबासकट कळवलं. उत्तर आलं, अ‍ॅप अपडेट करा. केलं. मग, इंटरनेट तपासा. मग थेट 'आपली तक्रार निकाली काढली आहे'. एकानेही तो सोळावा भाग उघडून बघितला नाही! वर्षाची वर्गणी आधीच भरलेली, ती गेली. नवीन अ‍ॅपला महिन्याचेच पैसे भरा, कितीही सवलत दिली तरी.

नेटफ्लिक्सवरच्या 'द ग्लोरी'चं प्रकरण वेगळं. पहिले ८ भाग ३० डिसेंबर २०२२ ला, उरलेले ८ थेट १० मार्च २०२३ ला. कथा एकच. तिथे वाहिनीच्या नियमाचा प्रश्नच नव्हता. लोकांनी वर्गणी चालू ठेवावी हाच हेतू, असं माझं मत, कुणाला पटणार नाही कदाचित. पण सूडकथेला मध्येच दोन महिने खीळ घालणं मला आजही पटत नाही. 'द पेंटहाउस'चे मात्र खरोखरच तीन सीझन आहेत, ते क्रमानेच बघा.

आणि भाग मोजायला विकिपीडियावर जाऊ नका, शेवट तिथेच कळतो. तुमच्या अ‍ॅपवर पहिला भाग किती मिनिटांचा दिसतो ते इथे लिहा, बघून सांगते.