ब्रेक दाबल्यावरही मोटर ढकलत असेल, तर आणखी पॅड बदलू नका

तुम्ही लिहिलंय की ब्रेक दाबला तरी सायकल क्षणभर पुढे ओढ घेते, दोनदा पॅड बदलून झाले, आणि आता दुकानवाले म्हणतात, "ई-सायकल जडच असते, सवय होईल." हे शेवटचं वाक्य वाचून डोकंच फिरलं. मलाही हेच ऐकवलं होतं.

पॅड, डिस्क वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, ते सोडून देते. माझा संशय कट-ऑफवर, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या सोयीवर आहे. हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध मोटर असलेल्या, बऱ्याच सायकलींत ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक छोटा स्विच असतो. लिव्हर जरा ओढला की कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, कळतं आणि मोटर बंद. पेडल फिरतंय की नाही एवढंच बघणारा सेन्सर असेल, तर पाय थांबल्यावरही मोटर थोडा वेळ जोर लावतच राहते. म्हणून हा स्विच लागतो.

माझी मूळ तक्रार उलटी होती. मोटर मध्येच बंद पडायची. डावा लिव्हर पूर्ण परत येत नव्हता, त्यामुळे ब्रेक दाबलेलाच आहे असं कंट्रोलर समजायचा. लिव्हर साफ केला असता तरी भागलं असतं. सर्व्हिस सेंटरने स्विचचा कनेक्टरच उपसून ठेवला, मोकळं टोक काळ्या टेपमध्ये गुंडाळून केबलींच्या जुडग्यात खुपसलं, आणि बिलावर लिहिलं 'इलेक्ट्रिकल फॉल्ट दुरुस्त'. मला एका शब्दानं सांगितलं नाही. मोटर चालतेय म्हटल्यावर मीही खूश. मग एका ओल्या वळणावर ब्रेक दाबलेला असताना मागून मोटरने रेटलं, चाक घसरलं आणि मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. तक्रार घेऊन गेले तर म्हणे, "डिस्प्लेवर एरर कोड नाही, म्हणजे सायकल ओके. तुम्ही ब्रेक उशिरा दाबला असेल." अहो, एरर येणार कुठून? वायरच काढल्यावर त्या कंट्रोलरच्या दृष्टीने ब्रेक कधी दाबलाच जात नाही! ते टोक शेवटी एका साध्या सायकल मेकॅनिकने टेप सोलून दाखवलं. सेंटरने आजतागायत काही कबूल केलेलं नाही. असो.

तपासायचं असं. मोटर मागच्या चाकात असेल तर कोणाला तरी मागचं चाक उचलून धरायला सांगा, असिस्ट (मोटरची मदत) सगळ्यात कमी ठेवा आणि पेडल हाताने फिरवत राहा. बोटं, ओढणी, बुटाच्या नाड्या चाकापासून लांब. चाक मोटरवर फिरू लागलं की पेडल न थांबवता आधी पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबा. पुढचा ब्रेक मागच्या चाकाला शिवतही नाही, तेव्हा मोटरचा जोर गेला तर तो स्विचमुळेच. मग मागचा लिव्हर, पण पॅड टेकायच्या आत थांबेल इतकाच हलका. दोन्ही वेगवेगळे तपासा, कारण एक चालू आणि एक मेलेला असंही असतं. जोर गेला नाही तर स्विच, वायर आणि कनेक्टर बघायला लावा. आणि तोवर असिस्ट बंद ठेवूनच चालवा, यावर माझं मत ठाम आहे.

हे हब मोटरपुरतं. मिड-ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटर पेडलपाशी असते त्यात, बहुधा टॉर्क सेन्सर असतो, पायाचा दाब गेला की मोटर सुटते, आणि अनेकींत कट-ऑफ स्विच दिलेलाच नसतो. तसली सायकल असेल तर वरचं सगळं विसरा. फक्त सिग्नलला पाय पेडलवर टेकवून उभं राहू नका, ती उडी मारते.

मी मेकॅनिक नाही, तुमची सायकल पाहिलेलीही नाही. पण तुमचे ब्रेक केबलचे आहेत म्हणालात म्हणून अजून एक. पॅड झिजले की दुकानात नुसती केबल ताणून देतात. बऱ्याच केबल डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. तो ॲलन कीने आत घ्यावा लागतो. केबलच ताणत गेलं की कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) दांडा आधीच अर्धा ओढलेला राहतो आणि ऐन वेळी त्याला जायला जागाच उरत नाही. लिव्हर सोडल्यावर दांडा मूळ जागी येतो का, ते बघा.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर चाक लॉक न करता पुन्हा पुन्हा वेग कमी करून ते बसू दिले होते का? नसतील तर कमी पकड त्यामुळेही असू शकते. आणि वेगाचं म्हणाल तर ताशी १८ ऐवजी २५ किलोमीटरच्या वेगाने जाताना ब्रेकला जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते, सायकलचं जादा वजन वेगळंच. चेनला स्प्रे मारताना डिस्क झाका, तेल लागलेला पॅड सहसा फेकावाच लागतो.

चाचणीत मोटर थांबली नाही तर दोन्ही लिव्हरपासून निघणाऱ्या वायरींचा कंट्रोलरपर्यंतचा फोटो टाका. टेप गुंडाळलेली जागा दिसली तर ती आधी दाखवा.