मोठ्या वयाचं कुत्रं दत्तक घेतलंय ना? मग घाई नको

वय झालेलं कुत्रं शिकत नाही, हे आधी डोक्यातून काढा. आमची काळी आली तेव्हा साताठ वर्षांची असेल. चार दिवस पलंगाखालून हलली नाही. आम्हीही ओढली नाही, पाण्याचं भांडं तिथेच सरकवलं.

शू बाहेर करायची सवय लावताना जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर लगेच खाली न्या. केली रे केली की तिथेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. घरी येऊन दिलात तर तो कशाबद्दल, हे त्याला कळत नाही.

गळपट्ट्यावर विसंबू नका, हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. फटाका वाजला की घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं सोडवतं (आमची काळी एकदा थेट भाजीवाल्याच्या गाडीखाली!). ‘बस’ म्हटल्यावर बसत नसेल तर हट्टी म्हणू नका, कंबर दुखत असेल. डॉक्टरांना दाखवा.