आकाशातलं विचारा: दुसऱ्या चंद्राची तिथी कोणती?

प्रश्न : पृथ्वीला ‘कामोओआलेवा’ नावाचा दुसरा चंद्र आहे, असं वाचलं. मग तो दिसत का नाही? आणि खरंच चंद्र असेल, तर आपल्या पंचांगात त्याची तिथी का देत नाहीत?
— एक वाचक, कराड

उत्तर : तिथीचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून तो शेवटी घेतो. आधी ‘दुसरा चंद्र’ या शब्दांशी माझं जुनं भांडण आहे, ते ऐका. 2024 च्या सप्टेंबरात असाच एक ‘पाहुणा चंद्र’ बातम्यांत गाजला होता. ऐन पितृपक्षात आमच्या सोसायटीतले सातआठ जण दुर्बीण घेऊन गच्चीवर. तो दगड जेमतेम दहा मीटरांचा. दिसणार काय, डोंबल! शेवटी चहा पिऊन सगळे खाली उतरले आणि बोलणी मला बसली.

कामोओआलेवा हा एक लघुग्रह, म्हणजे अवकाशातला छोटासा खडक. तो 27 एप्रिल 2016 ला हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला सापडला. नाव हवाई भाषेतलं. आकार 40 ते 100 मीटरच्या दरम्यान, आणि स्वतःभोवती गिरकी सुमारे 28 मिनिटांत. तो फिरतो सूर्याभोवती, आपल्याभोवती नव्हे. उद्या पृथ्वी नाहीशी झाली तरी त्याचं वर्षाचं रिंगण चालूच राहील. मग तो आपल्याभोवती फिरतो असं का म्हणतात?

हे मी नातीला अंगणात करून दाखवलं. मध्ये तुळशीवृंदावन, तो सूर्य. दहा पावलांची दोरी घेऊन खडूनं एक रिंगण काढलं. मग खुंटी एक पाऊल विहिरीकडे सरकवून तेवढंच दुसरं काढलं. पहिल्यावर नात, दुसऱ्यावर शेजारचा मुलगा. त्याला बजावलं, “वृंदावनाजवळ असशील तेव्हा झपझप चाल, लांब गेलास की रमतगमत.” दोघांनी बाराच्या मोजणीत एक फेरी पुरी करायची, आणि नातीनं सगळा वेळ बोट त्याच्याकडे रोखून धरायचं. सुरुवातीला तो आतल्या बाजूला, म्हणून बोट तुळशीकडे. झपझप चालून तो पुढे निघाला, बोट पुढे. मग तो बाहेर गेला, रेंगाळला, बोट विहिरीकडे. शेवटी मागे पडला, बोट पाठीमागे. आणि पुन्हा तुळशीकडे. “आजोबा, हा माझ्याभोवतीच फिरतोय!” पहिल्या खेपेला दोघांची टक्कर झाली, ती गोष्ट सोडा.

अगदी हेच वर चाललंय. पृथ्वी सूर्यापासून सरासरी 15 कोटी किलोमीटरवर. हा गडी कधी साडेतेरा कोटींवर, कधी साडेसोळा कोटींवर. दोघांचं वर्ष जवळपास सारखं. जवळपासच, त्यामुळे तो हळूहळू पुढे किंवा मागे सरकू लागतो, आणि तिथे पृथ्वीचं हलकं ओढणं त्याला पुन्हा जागेवर आणतं. असं शतकभर चाललंय, पुढेही काही शतकं चालेल. पण तो आपल्या चंद्राच्या 38 पटींहून जवळ येत नाही. म्हणजे जवळात जवळ दीड कोटी किलोमीटर! पृथ्वीची खरी सत्ता चालते पंधराएक लाख किलोमीटरांपर्यंत. याला चंद्र म्हणणं म्हणजे रोज त्याच गाडीनं जाणाऱ्याला घरजावई म्हणणं.

गंमत अशी, की चंद्राशी त्याचं नातं मात्र असू शकतं. त्याच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश चंद्रावरच्या खडकांशी जुळतो, असं 2021 मध्ये ॲरिझोनातल्या संशोधकांनी मांडलं. कुठल्याशा आघातात उडालेला चंद्राचाच टवका असावा, हा अंदाज. खात्री मातीच करेल. ती आणायला चीनचं तियानवेन-2 यान मे 2025 मध्ये निघालं. नमुने 2027 मध्ये पृथ्वीवर पोचवायचे असा बेत आहे.

आता तिथी. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी होते. कामोओआलेवालाही हेच गणित लावता येतं, पण त्याची फेरी वर्षाची, म्हणून एकेक तिथी सरासरी बारा दिवसांची. आणि दिशा उलटी! चैत्राच्या सुमारास तो सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे ‘पौर्णिमा’. तिथून प्रतिपदा नाही, तर चतुर्दशी, त्रयोदशी अशी उतरंड लागते, आणि दसऱ्याच्या आसपास ‘अमावास्या’. दाते पंचांगवाल्यांना कळवू नका. आणि या चंद्राची संकष्टीही धरू नका : पौर्णिमेलासुद्धा तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी अंधुक ताऱ्याहून कोटीपट फिका असतो, तेव्हा उपवास सुटायचा नाही.