जळगावच्या उन्हात चार आणि सात वर्षांच्या मुलांना खेळायला बाहेर कसं काढू? दोघं मोबाईल सोडत नाहीत.

ताई, तुम्ही लिहिलंय की घर तिसऱ्या मजल्यावर आहे, मुलगा चार वर्षांचा, मुलगी सातची. शाळेतून आली की दोघं मोबाईल घेऊन कॉटवर आडवी होतात. मार्चपासून ऊन असं की बाहेर पाठवायची हिंमत होत नाही, आणि पाठवलंच तर धाकटा पडून रडत वर येतो. सासूबाई म्हणतात मुलीला खाली मुलांत खेळू देऊ नको. म्हणून दोघांना स्केटिंगचा क्लास लावू का, असं विचारलंय.

मी चोपडा तालुक्यात २३ वर्षं अंगणवाडी सेविका होते. तीन ते सहा वर्षांची मुलं हाच माझा सगळा संसार होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लासचं आधी सांगून टाकते. धाकट्याला नको. मुलीला आवडत असेल तर खुशाल लावा, पण क्लास लावला म्हणजे खेळाचं काम झालं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी जे प्रमाण सांगितलं, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी आणि त्यातला निदान एक तास दम लागेल अशी हवी, असं आहे. पाच वर्षांपुढच्यांसाठी त्याच संघटनेचं २०२० सालचं प्रमाण आहे, रोज सरासरी एक तास दमवणारा खेळ, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं-स्नायूंना जोर लागेल असं काही. आठवड्यातून तीनदा पाऊण तासाच्या क्लासात निम्मा वेळ रांगेत पाळीची वाट बघण्यात जातो. तीन तास ऐकून घाबरूही नका. ते एका दमात करायचे नसतात. तीन मजले स्वतःच्या पायांनी चढणं त्यात धरा. तुम्ही त्याला कडेवर घेऊन वर नेत असाल तर ते मात्र आजपासून बंद करा.

आता ऊन. आपल्याकडे खेळाची वेळ आई ठरवत नाही, ऊन ठरवतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात एकेक दिवस पारा ४५ च्या वर जातो. पुण्या-मुंबईची माणसं सांगतात, शाळेतून आलं की चार वाजता मुलांना खाली सोडा. आपल्याकडे एप्रिलात चार वाजता फरशीवर पाय ठेवून बघा.

हे मी चूक करून शिकले. एका वर्षी एप्रिलमध्ये कार्यक्रम जवळ आला होता, म्हणून मुलांना अकरा वाजता अंगणात नाचाच्या सरावाला उभं केलं. वारा होता, मला स्वतःला ऊन जाणवत नव्हतं. पाच वर्षांचा एक मुलगा एकदम गप्प झाला. नेहमी बडबड करणारं पोर हाक मारली तरी नुसतं बघत राहिलं, मग ओकलं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. त्याला निंबाखाली नेलं, कपडे सैल केले, ओल्या फडक्याने मान, काखा, अंग पुसत राहिले, सुपाने वारा घातला आणि कोणाची तरी मोटरसायकल थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. संध्याकाळपर्यंत तो बोलायला लागला. त्याच्या आईने मला एक शब्द सुनावला नाही, तेच मला आजवर टोचतं. मुलांचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि ती खेळाच्या नादात थांबत नाहीत. म्हणून उन्हात खेळणारं मूल गप्प झालं, भलतंसलतं बोलायला लागलं, ओकलं किंवा झोपाळलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, अंग ओलं करत करत दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळला. आपला अनवाणी तळपाय जमिनीवर ठेवून सावकाश दहा अंक मोजायचे. टेकवत नसेल तर मुलांना सोडायचं नाही, मग घड्याळात सहा का वाजले असेनात.

उन्हाळ्यात म्हणून दोनच वेळा उरतात. एक सकाळी सहा ते आठ, दुसरी दिवस मावळताना, साडेसहा ते आठ. त्यासाठी झोपेची वेळ बदलावी लागते, आणि अवघड काम हेच आहे. मुलं रात्री अकराला झोपली तर सकाळची वेळ हातची गेलीच. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभराची मिळून १० ते १३ तास झोप लागते. रात्री नऊला निजवा, सकाळी सहाला उठवा, दुपारी कूलरसमोर तासभर झोपू द्या. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांत आमची सगळी लहानपणं अशीच गेली. संध्याकाळी धाब्यावर पाणी मारायचं, वाफ निघून गेली की अंथरुणं टाकायची आणि पहाटेच्या गारव्याने आपोआप जाग यायची. तुमच्या इमारतीला गच्ची असेल तर पाणी मारायचं काम मुलांना द्या. छोटी बादली आणि तांब्या घेऊन दोन फेऱ्या मारल्या की चार वर्षांच्या मुलाचा चांगला व्यायाम होतो, आणि त्याला ते काम वाटत नाही. मात्र गच्चीवर मोठं माणूस बसलेलं हवंच. कठड्याला टेकून ठेवलेली खुर्ची-टेबलं आधी हलवा, मुलं त्यावर चढतात.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हे बंधन नाही. हिवाळ्यात तर भर दुपारी खेळू द्या. नोव्हेंबरपासून कोणाच्या ना कोणाच्या शेतात भरीत पार्टी असतेच. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या गोळा करायला, वांगी आणून द्यायला मुलांना पुढे करा, मग बांधावरून बांधावर पळू द्या. बाभळीचे काटे असतात, पायात चपला असू द्या. दिवसभर शेतात हुंदडलेलं मूल त्या रात्री कसं झोपतं ते बघा.

ऊन टाळलं तरी मुलं खाली जात नाहीत, कारण खाली कोणी नसतं. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे असं मी मानते. चार वर्षांचं मूल एकटं पाच मिनिटं पळतं आणि परत येतं. त्याच मुलाला दुसरं मूल भेटलं की तासभर परत येत नाही. अंगणवाडीत खेळणी तुटून गेली, भिंतींचा रंग उडाला, तरी मुलं यायची ती एकमेकांसाठी.

तेव्हा आधी इमारतीतल्या तीन आया गाठा. रोज एकीने पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसायचं, अशी पाळी लावा. तेवढ्या दीड तासात गाड्या पुढेमागे करणाऱ्यांना सांगून ठेवा. रिव्हर्स येणाऱ्या गाडीला लहान मूल दिसत नाही, तिथे भिडस्तपणा करू नका. पहिल्या दिवशी कोणालाही बोलवायला जाऊ नका. खडूने टिक्करबिल्ल्याचे घर आखा, मुलीला उड्या मारू द्या आणि तुम्ही बसून राहा. दोन-तीन दिवसांत जिन्यातून डोकी दिसायला लागतील. आमच्या गावात एक मूल दारोदार जाऊन हाक मारायचं, ‘चाल ना, खेयाले चाल’, आणि बघता बघता गल्ली भरायची. फ्लॅटच्या बंद दारातून ती हाक ऐकू येत नाही, म्हणून सुरुवातीला तुम्हाला तिथे दिसावं लागेल.

धाकट्याला मोठी मुलं खेळात घेत नाहीत, हीच तक्रार असेल ना? त्यावर आपल्या जुन्या मुलांनीच तोड काढून ठेवली आहे, कच्चं लिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण तो आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. मला या दोन शब्दांचं फार मोल वाटतं. चार वर्षांच्या मुलाला हरणं झेपत नाही, नियम अर्धेच कळतात, पण मोठ्यांच्या मागे पळण्यात त्याला जो आनंद असतो तो कुठल्याच खेळण्यात नाही. तो बघून बघून शिकतो. वर्षभरात स्वतःच सांगतो, मी आता कच्चं लिंबू नाही. खालच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल तर तुम्ही सांगा. ‘हा तुमचं कच्चं लिंबू’ म्हणून त्याला मुलीच्या हाती सोपवा आणि दूर बसा. खेळ चालू असताना मध्ये सूचना देऊ नका. भांडण झालं तर ती मिटवतात, फक्त दगड उचलला किंवा चावा घेतला तरच उठा.

कोणते खेळ, हे मुलंच ठरवतील, पण त्यांना आठवेनात म्हणून सांगते. मुलीच्या वयाला लंगडी फार चांगली, एका पायावरच्या उडीने हाडांना जोर लागतो आणि तोल येतो. विष-अमृत, लगोरी, साखळी, डबा ऐसपैस हे पार्किंगमध्येही होतात. सात सपाट फरशीचे तुकडे आणि कापडाचा चेंडू एवढ्यावर लगोरी होते. धाकट्याला नियमांचे खेळ नकोत. त्याला ओढणीची आगगाडी, उड्या, लोळणं, रेतीचा ढीग, काहीतरी जड उचलून इकडून तिकडे नेणं, हे हवं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणाच्या मळ्यात निंबाला झोका बांधला असेल तर दोघांना जरूर न्या. दोर हातात घट्ट धरणं, पायांनी झोका चढवणं, यात सगळं अंग कामाला लागतं. दोर आधी स्वतः ओढून बघा. आणि अधूनमधून सकाळी मेहरूण तलावावर जा. उघड्यावरच्या उजेडात रोज वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा कमी लागतो, हे डोळ्यांच्या अभ्यासांत दिसून आलेलं आहे.

मोबाईल हिसकावू नका. हिसकावला की त्याचं मोल वाढतं. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं चांगलं. दुपारी ऊन असताना काय तो अर्धा तास द्या, आणि साडेसहाला घरातले सगळे फोन एका डब्यात. सगळे म्हणजे तुमचा आणि त्यांच्या वडिलांचाही. उरलेल्या दुपारी घरातच उशांवरून उड्या, दोन खुर्च्यांना चादर बांधून घर, सागरगोटे हे होऊ द्या. सागरगोट्यांनी बोटांत बळ येतं, मुलीच्या अक्षराला ते उपयोगी पडेल. सागरगोटे मात्र ती खेळत असतानाच बाहेर काढा आणि खेळ झाला की उचलून ठेवा, धाकटा ते तोंडात घालेल.

खाण्याबद्दल थोडं. नोकरीची पहिली काही वर्षं मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर होते. तिथली पावरा आदिवासी मुलं महू, म्हणजे मोहाची फुलं वेचायला आयांबरोबर पहाटे जंगलात जायची, झाडावर सरसर चढायची. त्यांना खेळ म्हणा, हालचाल म्हणा, कोणी सांगावी लागत नव्हती. तरी महिन्याच्या वजनात कितीतरी मुलं कमी भरायची, कारण ताटात पुरेसं नव्हतं. म्हणून नुसतं पळालं की मूल सुदृढ होतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी उलट आहे, खाणं आहे पण भूक नाही. संध्याकाळी पाचला बिस्किटांचा पुडा आणि शेव हातात गेली की रात्री ताट सरकवलं जातं. खेळायला जाण्याआधी पाणी आणि एक केळ, रावेर-यावलची केळी आपल्या दारात आहेत. परत आल्यावर लगेच जेवण. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, डाळ, वर तूप. भरवत बसू नका. खेळून आलेलं मूल स्वतःच्या हाताने जेवतं.

सासूबाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा. त्यांना विचारा, तुम्ही अखाजीला माहेरी गेलात की काय काय खेळायचात? झोके, फुगड्या त्यांनीही केलेल्या असणार. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलांनी जिंकला आणि मुलींनीही. मुलीची हाडं याच वयापासून घट्ट होत जातात. तिला ढगळ पँट घालून खाली पाठवा, मळेल अशा कपड्यांत. शक्य असेल तर सासूबाईंनाच एक दिवस स्टुलावर बसवा, त्यांचं मन तिथेच बदलेल.

राहिलं धाकट्याचं पडणं. खेळताना बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर धाप लागते, ओठ निळसर होतात, किंवा त्यांच्यापेक्षा जास्त वेळा तोल जातो, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी या वयात पडणं रोजचं आहे. गुडघा वाहत्या पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुवा, जखमेत माती-खडे राहू देऊ नका, त्याचा दीड वर्षाचा डीपीटीचा बूस्टर झालाय ना ते कार्डावर बघा, आणि पाच वर्षं पूर्ण झाली की पुढचा चुकवू नका. धुताना ‘कशाला पळत होतास’ असं म्हणू नका. ‘राज्य कोणावर होतं?’ असं विचारा. तो रडता रडता सांगायला लागेल आणि सांगून व्हायच्या आत जिन्याकडे वळलेला असेल.