वाचकांचे प्रश्न : पॉप-अप कॅम्परमध्ये चौघांची झोपण्याची सोय

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. आमच्या पिकअप ट्रकवर छत वर उचलता येणारा पॉप-अप कॅम्पर (प्रवासात राहण्या-झोपण्याची छोटी खोली) आहे. चालकाच्या केबिनवरच्या पलंगावर आम्ही दोघे नवरा-बायको झोपतो. नऊ आणि पाच वर्षांच्या मुलांची सोय कशी करावी?

उत्तर : धाकट्याची सोय बहुधा आपल्याकडे आहेच. जेवणाचे टेबल खाली उतरवून बाकांच्या पातळीत आणले आणि त्यावर बाकांच्या गाद्या अंथरल्या, की मुलापुरता बिछाना होतो. थोरल्यासाठी त्याच्या वर जाड कॅनव्हासची झोळी दोन ॲल्युमिनियमच्या नळ्यांत ओवून ताणून बसवावी. (आपल्याकडची लुगड्याची झोळी येथे उपयोगाची नाही, ती मधोमध लोंबते.) मात्र उचलल्या जाणाऱ्या भागाच्या भिंती कापडी असल्याने त्यांच्यावर किंवा छतावर तिचा भार मुळीच येता कामा नये, नळ्यांची टोके खालच्या पक्क्या भिंतीच्या चौकटीला स्क्रूने घट्ट बसवलेल्या खोबणींतच टेकली पाहिजेत. सहा वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये, आणि थोरल्यासाठीही कडेला जाळी लावावी. सकाळी छत खाली घेण्यापूर्वी नळ्या आठवणीने काढाव्यात, नाहीतर छत किंवा खोबणी यांपैकी एक निश्चित मोडेल.

झोळीचे वजन किरकोळ असते. ट्रकवरच्या भाराचा खरा हिशेब माणसांचा आणि पाण्याचा आहे. एक गॅलन पाणी सुमारे ३.८ किलो भरते, म्हणून चालकाच्या दाराच्या चौकटीवरील भारमर्यादेची पट्टी आधी वाचावी. चौघांच्या श्वासाने कापड आतून ओले होते, तेव्हा थंडीतही एक खिडकी किलकिली ठेवावी.