दरडग्रस्त वाडीतली कुटुंबं आमच्या गावाशेजारी कायमची राहायला येणार आहेत. गावकरी म्हणून आम्ही काय करू शकतो?

घरं सरकार बांधून देईल. तुम्ही एकच गोष्ट लावून धरा: वाडीत जे एकमेकांच्या शेजारी राहत होते, ते नव्या जागीही शेजारीच राहिले पाहिजेत. प्लॉटचं वाटप झालं नसेल तर वाडीतल्या लोकांना सोबत घेऊन आत्ताच तहसीलदारांना भेटा. नंतर ते बदलत नाही.

मी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं. माणसं झोपेतच गाडली गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की मिळाली, पण जमिनीच्या हिशोबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. एका मापाची घरं एका ओळीत आली आणि आमची गल्ली फुटली. आधी आई शेतात गेली की आम्ही पोरं चुलतीच्या ओट्यावर असायचो. नव्या गावात चुलती दुसऱ्या टोकाला गेली. म्हाताऱ्या माणसांचे सर्वांत जास्त हाल झाले. बोलायला दारात कुणी नाही, आणि रस्ते एवढे रुंद की समोरच्या घरातली हाकही ऐकू येत नाही. गोठ्याला, कडब्याला जागा नव्हती. लोकांनी घराला लागून पत्र्याचं शेड मारलं आणि स्लॅबच्या धास्तीनं कित्येक जण झोपायचेही तिथंच. म्हणून आराखडा कागदावर असतानाच वाडीतल्या बायकांना विचारा: चूल कुठे, शेळ्या कुठे, सरपण कुठे? आमच्याकडे घरदुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक केलं होतं. त्या घरोघर जाऊन योजना समजावत, अडचणी वर पोचवत. तसं कुणीतरी वाडीतलंच हवं.

आता तुमच्या गावाबद्दल, जरा स्पष्ट बोलते. नवी वस्ती बहुधा तुमच्या गायरानावर येईल. पहिले सहा महिने सगळे डबे घेऊन जातील. उन्हाळ्यात टाकीचं पाणी कमी पडलं की 'हे आले आणि पाणी संपलं' असं सुरू होईल. गुरं कुठे चरायची, नळाला पाणी किती वेळ, स्मशानभूमी कोणती, हे दोन्हीकडच्या माणसांनी आधीच बसून ठरवा आणि ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. त्यांना 'दरडग्रस्त' म्हणून हाक मारू नका, वाडीचं नाव घ्या.

कागदपत्रांसाठी लिहिता-वाचता येणारी तुमची दोन पोरं कायम त्यांच्यासोबत असू द्या: आधार, रेशनकार्ड, मृत्यूचे दाखले, वारसनोंद, जातीचा दाखला. यातला एक कागद अडला की पुढचं सगळं अडतं. जुने कपडे मात्र गोळा करू नका, ते नुसते पडून राहतात.

आणि काम. त्यांची शेती जुन्या जागेजवळच राहिली असेल, तर रोज जायला वाहन लागेल. ती मागणी तुमच्या ग्रामपंचायतीनंही करावी. तोवर रोजगार हमीचं जॉबकार्ड लवकर काढून द्या आणि तुमच्या शेतात बोलावलंत तर गावात चालू असलेलीच मजुरी द्या. गरजू आहेत म्हणून कमी देणारे आमच्याकडेही निघाले होते, आणि ते अजून कुणी विसरलेलं नाही.